वायव्य मुंबई: यंत्रांत एका मताची आघाडी, निकाल ४८ मतांचा

४ जून २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघाची मोजणी संपली, तेव्हा मतदान यंत्रांमधल्या मतांत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर पुढे होते. त्यांची मते ४,५१,०९५ आणि शिवसेनेचे (शिंदे) रवींद्र वायकर यांची ४,५१,०९४. आघाडी एका मताची. टपाली मतांत मात्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते मिळाली. दोन्हींची बेरीज केली की वायकर ४,५२,६४४ आणि कीर्तिकर ४,५२,५९६. वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या निवडणुकीत देशात कुठेही याहून कमी फरकाने जागा गेली नाही.

दोघांना मिळून ९,०५,२४० मते पडली होती. म्हणजे साधारण १९ हजार मतांमागे एका मताचा फरक. पंचवीस माणसांनी दुसरे बटण दाबले असते तर खासदार दुसरा झाला असता. अशा निकालाकडे लोक नशिबाचा खेळ म्हणून बघतात आणि चार दिवसांत विसरतात. मला तसे करवत नाही. हे ४८ मतांचे अंतर कसे तयार झाले, मोजणीच्या टेबलावर नेमके काय घडले आणि नंतर न्यायालयात ते का टिकले, हे नीट पाहिले तर आपली निवडणूक आतून कशी चालते ते या एका मतदारसंघात दिसते.

मोठ्या माणसांचा मतदारसंघ

वायव्य मुंबईचा इतिहास अटीतटीचा नव्हता. हा मतदारसंघ एखाद्या नावाच्या मागे उभा राहायचा आणि उभा राहिला की भरभरून द्यायचा. १९७१ मध्ये येथून काँग्रेसचे हरी रामचंद्र गोखले निवडून आले आणि इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. आणीबाणीच्या काळात कायदा खाते त्यांच्याकडेच होते आणि ४२ वी घटनादुरुस्तीही त्याच काळातली. १९७७ मध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले राम जेठमलानी. आणीबाणीवर जाहीर टीका केली म्हणून त्यांच्यावर अटक वॉरंट निघाले होते आणि ते परदेशात होते. त्यांनी विद्यमान कायदामंत्र्यांचाच पराभव केला. कायद्याच्या दोन जाणकारांमधली ती लढत होती आणि वायव्य मुंबईच्या मतदाराने आणीबाणीचा हिशेब तिथेच चुकता केला. १९८० मध्ये जेठमलानी पुन्हा आले.

१९८४ मध्ये सुनील दत्त आले आणि जेठमलानी हरले. दत्त पुढे १९८९ आणि १९९१ लाही जिंकले. पंजाब पेटलेला असताना १९८७ मध्ये ते मुंबईहून अमृतसरपर्यंत चालत गेले. नट म्हणून लोकांना ठाऊक असलेला माणूस खासदार म्हणून रस्त्यावर उतरतो, हे या मतदारसंघाने तेव्हा पाहिले. १९९६ आणि १९९८ मध्ये शिवसेनेचे मधुकर सरपोतदार निवडून आले, १९९९ आणि २००४ मध्ये पुन्हा दत्त. २००४ ला त्यांच्यासमोर शिवसेनेचे संजय निरुपम होते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे तीन वेळा येणार आहे. मे २००५ मध्ये दत्त गेले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रिया दत्त निवडून आल्या.

इथपर्यंतच्या वायव्य मुंबईत वांद्रे होते. आजच्या मतदारसंघात ते नाही, म्हणून जुन्या आणि नव्या निकालांची थेट तुलना करता येत नाही. २००८ च्या पुनर्रचनेनंतर वायव्य मुंबई म्हणजे जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व हे सहा विधानसभा मतदारसंघ. एका टोकाला वर्सोव्याचा कोळीवाडा आणि लोखंडवाला, दुसऱ्या टोकाला आरेचे जंगल आणि चित्रनगरी. मधे सीप्झचे कामगार, म्हाडाच्या वसाहती, चाळी, झोपडपट्ट्या आणि पुनर्विकासाच्या रखडलेल्या इमारती. मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, मुस्लिम, ख्रिस्ती. कोणत्याही एका गटाच्या भरवशावर ही जागा जिंकता येत नाही. २००९ नंतरचे सगळे निकाल या भूगोलातून वाचावे लागतात.

३८ हजार, १ लाख ८३ हजार, २ लाख ६० हजार

२००९ मध्ये काँग्रेसच्या गुरुदास कामतांनी शिवसेनेच्या गजानन कीर्तिकरांना ३८,३८७ मतांनी हरवले. मनसेच्या शालिनी ठाकरे यांना त्या वेळी लाखाहून अधिक मते मिळाली. ती सगळीच शिवसेनेची असती असे म्हणता येणार नाही, पण मराठी मत फुटले की या जागेचे काय होते, याचा पहिला नमुना तो होता.

२०१४ मध्ये गजानन कीर्तिकरांनी कामतांना १,८३,०२८ मतांनी हरवले. २०१९ मध्ये त्यांच्यासमोर निरुपम होते, या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून. कीर्तिकरांना ५,७०,०६३ आणि निरुपमांना ३,०९,७३५. फरक २,६०,३२८. शिवसेना आणि भाजप एकत्र असले की वायव्य मुंबई हातची जागा, असा समज इथे पक्का झाला, आणि आकड्यांकडे पाहता तो चुकीचाही नव्हता.

पाच वर्षांनी अडीच लाखांवरून ४८. अंतर इतके कमी होते तेव्हा सहसा त्यामागे लाट असते. इथे लाट नव्हती. इथे घर फुटले होते, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

एकच शाखा, दोन चिन्हे

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला आणि ठाकरे यांच्या पक्षाला मशाल मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. मशालीची पहिली परीक्षा याच मतदारसंघात झाली: नोव्हेंबर २०२२ ची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक. भाजपने उमेदवार मागे घेतला, ऋतुजा लटके जिंकल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणीही उमेदवार नसून ‘नोटा’ राहिली, १२,८०६ मतांसह.

त्याच महिन्यात खासदार गजानन कीर्तिकर शिंदे यांच्यासोबत गेले. त्यांचे चिरंजीव अमोल ठाकरे यांच्याकडेच राहिले. मार्च २०२४ मध्ये ठाकरे यांनी अमोल यांना वडिलांच्याच जागेवर उमेदवारी दिली. शिंदे यांच्याकडे त्यांच्यासमोर उभे करायला कोण, हा प्रश्न बराच काळ लटकला. अभिनेते गोविंदा पक्षात आले तेव्हा तेच उमेदवार अशी चर्चा झाली. निरुपम काँग्रेसकडून ही जागा मागत होते. ती ठाकरे यांच्या वाट्याला गेल्यावर त्यांनी जाहीर नाराजी मांडली, काँग्रेसने त्यांना काढले आणि ते शिंदे यांच्याकडे गेले. अखेर उमेदवारी मिळाली रवींद्र वायकरांना. जोगेश्वरीचे नगरसेवक, महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष, २००९ पासून सलग तीन वेळा जोगेश्वरी पूर्वचे आमदार, राज्यमंत्री. ठाकरे यांच्या जवळच्या वर्तुळातले हे नाव मार्च २०२४ मध्येच शिंदे यांच्याकडे आले होते. दोन्ही उमेदवारांमागे त्या काळात तपास यंत्रणांच्या चौकशा सुरू होत्या आणि प्रचारात दोन्ही बाजूंनी त्यावर बोलले गेले.

आता गटप्रमुखाच्या जागी उभे राहून पाहा. वर्षानुवर्षे हाच माणूस मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसतो. यादीतले नाव शोधून स्लिप देतो. कोणाच्या घरातली म्हातारी रिक्षाने आणावी लागते, कोणता मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आहे, कोणाचे नाव यादीतून गळले आहे, हे त्याला तोंडपाठ असते. ही माहिती कोणत्याही संगणकात नसते. शिवसेनेची खरी ताकद ती होती. २०२४ मध्ये तीच माहिती, त्याच याद्या आणि त्याच सवयी दोन टेबलांवर बसल्या. समोरच्या टेबलावरचा माणूस कालपर्यंत शेजारी बसणारा. दोघांनाही एकमेकांचे मतदार ठाऊक. माझ्या मते ४८ चे मूळ इथे आहे. दोन वेगळ्या संघटना लढल्या की एक सरस ठरते. एकच संघटना मधोमध चिरली गेली तर दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्याच वजनाचे निघतात.

आकडेही हेच सुचवतात. २०१९ मध्ये युतीला ५.७० लाख मते होती. २०२४ मध्ये महायुतीला ४.५२ लाख, म्हणजे १,१७,४१९ ने कमी. काँग्रेसच्या ३.०९ लाखांच्या जागी महाविकास आघाडीला ४.५२ लाख, म्हणजे १,४२,८६१ ने जास्त. मतदार तेच नसतात, यादी बदलते, काही येतात काही जातात; तरी युतीच्या खात्यातून लाखभर मते उठून समोर गेली असा याचा ढोबळ अर्थ. ती लाखभर मते भाजपची नव्हती, हे कोणीही सांगेल.

सहा भागांत मिळून हा तराजू स्थिरावला तो एका ओळीत सांगण्यासारखा नाही. वायकरांच्या स्वतःच्या जोगेश्वरी पूर्वमध्ये कीर्तिकर पुढे होते. वर्सोव्याने कीर्तिकरांना मोठी आघाडी दिली. गोरेगावने, जिथे भाजपचा आमदार, ती वायकरांना भरून दिली. पंधरा वर्षे ज्यांना आमदार केले त्यांच्या विरोधात मतदान करणारा जोगेश्वरीकर आणि विधानसभेला भाजपला मत देणारा आणि लोकसभेला धनुष्यबाण दाबणारा गोरेगावकर, या दोघांनी मिळून निकाल घडवला. एक माणूस पाहून दूर गेला, दुसरा युती पाहून जवळ आला.

‘नोटा’ला पंधरा हजारांवर मते पडली. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दहा हजारांच्या आसपास. ४८ च्या पुढे हे आकडे ठेवले की प्रत्येकाला आपापले कारण सापडते: वंचितमुळे गेले, नोटामुळे गेले. मला हा युक्तिवाद पटत नाही. इतक्या कमी फरकात प्रत्येक गोष्ट निर्णायक ठरते, त्यामुळे एकीलाच कारण म्हणणे अन्यायाचे आहे. २० मे रोजी मुंबईत ऊन कडक होते, अनेक केंद्रांवर रांगा पुढे सरकत नव्हत्या, मतदान संथ चालल्याच्या तक्रारी दिवसभर होत्या. रांगेतून घरी गेलेल्या माणसांची कुठे नोंद होत नाही. ती झाली असती तर ४८ हा आकडा त्यात केव्हाच बुडाला असता.

टेबलावर

मोजणी कशी चालते हे ठाऊक नसेल तर पुढचा वाद कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर.

मतदान संपताना प्रत्येक केंद्रावर केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतो: यंत्रात एकूण किती मते नोंदली, प्रदत्त मतपत्रिका (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिलेले असेल तर मिळणारी कागदी मतपत्रिका) किती दिल्या. त्याची प्रत उमेदवारांच्या पोलिंग एजंटला मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्र टेबलावर येते, त्यातला एकूण आकडा १७-क शी जुळवला जातो, मग उमेदवारनिहाय आकडे उघडतात आणि मतमोजणी प्रतिनिधी ते आपल्या कागदावर उतरवून घेतात. एका फेरीतल्या सगळ्या टेबलांची बेरीज वर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जाते, तिथून फेरीचा निकाल जाहीर होतो. हॉलमध्ये गोंगाट असतो, प्रतिनिधी दमलेले असतात. आपला उमेदवार पन्नास हजारांनी पुढे असेल तर दुपारनंतर कोणी कागद नीट भरत नाही. वायव्य मुंबईत कोणालाच ती चैन नव्हती. आघाडी इकडून तिकडे झुकत राहिली आणि काही काळ कीर्तिकर जिंकल्याच्या बातम्याही बाहेर आल्या.

टपाली मतांची गोष्ट वेगळी. ती पाठवतात निवडणुकीच्या कामावर असलेले कर्मचारी, सैन्यातले मतदार, आणि घरून मत देणारे ८५ वर्षांवरचे व दिव्यांग मतदार. मतपत्रिकेसोबत नमुना १३-अ मधले घोषणापत्र लागते: मतदाराची सही आणि ती साक्षांकित केल्याची नोंद. सही राहिली, साक्षांकन राहिले, मतपत्रिकेचा क्रमांक जुळला नाही की मत बाद. आतली निवड कितीही स्पष्ट असली तरी पाकीट उघडण्याआधीच बाद. या मतदारसंघात १११ टपाली मते बाद झाली. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी पुन्हा तपासावी लागतात, असा आयोगाचा नियम आहे. ४८ हे १११ पेक्षा कमी. फेरतपासणी झाली, निकाल तोच राहिला.

मला या ठिकाणी थांबावेसे वाटते. जे मतदार निवडणुकीचेच काम करत होते, इतरांना मत देता यावे म्हणून दिवसभर केंद्रावर बसले होते, त्यांच्यातल्या काहींचे मत सहीच्या एका रकान्यापायी गेले. एरवी याकडे कोण बघतो? दोन लाखांच्या फरकात १११ बाद मते म्हणजे अहवालातली एक ओळ. इथे ती बाद मतेच फरकाच्या दुपटीहून जास्त होती. १३-अ चा नमुना भरायला शिकवणे हे निवडणूक प्रशिक्षणातले सर्वांत कंटाळवाणे काम असेल, पण या मतदारसंघाकडे पाहून ते दुप्पट काळजीने करायला हवे.

फोनचा वाद

निकालानंतर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला: मोजणी केंद्रात वायकरांच्या एका नातेवाइकाकडे मोबाइल होता आणि तो निवडणुकीच्या कामावरच्या एका डेटा एंट्री ऑपरेटरचा होता, अशी तक्रार. मोजणीच्या हॉलमध्ये फोन न्यायला मनाई असते. अधिकृत ऑपरेटरला तो लागतो, कारण आकडे आयोगाच्या प्रणालीत चढवण्यासाठी लॉगिन करताना ओटीपी येतो. मग बातमी पसरली की त्या ओटीपीने मतदान यंत्र उघडते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की यंत्राला कोणतेही नेटवर्क नसते, त्याला ओटीपी लागत नाही. ते बरोबर होते. यंत्रातला आकडा टेबलावर सर्वांसमोर वाचला जातो. संगणकात चढतो ती त्याची नक्कल.

या गडबडीत खरा प्रश्न मागे पडला याचे मला वाईट वाटते. यंत्र फोनने उघडत नाही, पण बंदी असलेला फोन उमेदवाराच्या माणसाच्या हातात हॉलमध्ये गेलाच कसा, हा प्रश्न तेवढाच गंभीर आहे. ठाकरे गटाने सीसीटीव्ही चित्रण मागितले आणि ते मिळाले नाही अशी तक्रार केली. चुकीच्या आरोपाचे खंडन झाले आणि बरोबर प्रश्नही त्याच्यासोबत निकालात निघाला.

याचिका

अमोल कीर्तिकरांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. निवडणुकीला आव्हान फक्त अशाच याचिकेने देता येते, निकालापासून ४५ दिवसांत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १०० नुसार नुसती अनियमितता दाखवून भागत नाही. मत अयोग्य रीतीने स्वीकारले किंवा नाकारले गेले, आणि त्यामुळे विजयी उमेदवाराच्या निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, असे दोन्ही दाखवावे लागते. शिवाय कलम ८३ प्रमाणे याचिकेत महत्त्वाच्या तथ्यांचे नेमके निवेदन लागते. ‘गैरप्रकार झाले’ एवढे लिहून चालत नाही. कोणते केंद्र, कोणती मते, किती, कशी, हे लिहावे लागते.

कीर्तिकरांचा मुख्य मुद्दा ३३३ मतांचा होता. मतदार केंद्रावर जातो आणि कळते की त्याच्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेले आहे. ओळख पटली तर त्याला यंत्रावर मत देता येत नाही; १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ४९-प नुसार कागदी मतपत्रिका मिळते. तो शिक्का मारतो, ती पाकिटात सीलबंद होते. हे प्रदत्त मत. ते मोजले जात नाही. मोजले जाते ते तोतयाचे, जे यंत्रात आधीच पडलेले असते. ४८ च्या फरकापुढे ३३३ म्हणजे सातपट. याशिवाय फेरमोजणी मागण्याची पुरेशी संधी दिली नाही आणि केंद्रात फोन वापरला गेला, हे मुद्देही होते.

फेरमोजणीचा नियम ६३ सांगतो की मतांची एकूण बेरीज जाहीर झाल्यावर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी लेखी अर्ज करून, कारणे देऊन, फेरमोजणी मागू शकतो. अधिकाऱ्याने त्यासाठी वाजवी वेळ द्यायचा असतो आणि नकार दिला तर कारण लिहायचे असते. निकालपत्रकावर सही झाली की दार बंद. म्हणजे सारा खेळ त्या मधल्या काही मिनिटांचा. दिवसभर दमलेल्या, धक्का बसलेल्या माणसाने त्या मिनिटांत कागद घेऊन मुद्देसूद कारणे लिहायची असतात. ज्याने तो कागद आधीच तयार ठेवला असेल त्यालाच ते जमते.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी याचिका पुरावा नोंदवण्याच्या टप्प्यापर्यंत न जाताच फेटाळली. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ७, नियम ११ खाली वायकरांनी तसा अर्ज केला होता. निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे दाखवणारी आवश्यक तथ्ये याचिकेत मांडलेली नाहीत, असा निष्कर्ष होता.

कायदा म्हणून हा निर्णय मला समजतो. लाखो लोकांनी दिलेला कौल नुसत्या संशयावर उलटवता येऊ नये, आणि न्यायालये या बाबतीत कायम कडक राहिली आहेत. पण ३३३ चा प्रश्न मनातून जात नाही. समजा पाकिटे उघडली असती. प्रदत्त मतांपैकी इतकी कीर्तिकरांना आणि इतकी वायकरांना, असे निघाले असते. ती मिळवायची तर तोतयांची ३३३ मते वजाही करायला हवीत. ती कोणाच्या खात्यातून करणार? यंत्र मतदाराचे नाव आणि त्याचे मत यांची जोड कुठेही ठेवत नाही. मताच्या गुप्ततेचा तो पायाच आहे. गुप्तता पाळायची म्हणून तोतयाचे मत शोधता येत नाही, आणि ते शोधता येत नाही म्हणून खऱ्या मतदाराचे मत मोजूनही हिशेब पुरा होत नाही. नियम ४९-प खऱ्या मतदाराला हातात मतपत्रिका देतो, पण ती निकालापर्यंत नेण्याची वाट यंत्रांच्या काळात जवळजवळ बुजली आहे. म्हणून तोतया अडवायचा असेल तर तो सकाळीच, केंद्रावर, पोलिंग एजंटने हरकत घेऊनच अडवावा लागतो. संघटना फुटलेली असताना, ओळखणारा माणूस केंद्रात असेलच असे नाही.

नोव्हेंबर

लोकसभेनंतर पाच महिन्यांनी विधानसभा झाली. जोगेश्वरी पूर्वमधून शिंदे यांच्या पक्षातर्फे वायकरांच्या पत्नी मनीषा वायकर उभ्या होत्या. ठाकरे यांच्या पक्षाचे अनंत (बाळा) नर त्यांच्यापेक्षा १,५४१ मतांनी पुढे राहिले. वर्सोव्यात ठाकरे यांचे हारून खान थोड्या फरकाने जिंकले. दिंडोशीत ठाकरे यांचे सुनील प्रभू, आणि हरलेले उमेदवार होते संजय निरुपम, या वेळी धनुष्यबाणावर. गोरेगाव आणि अंधेरी पश्चिम भाजपकडे राहिले, अंधेरी पूर्वमध्ये शिंदे यांचे मुरजी पटेल आले. राज्यभर महायुतीने विरोधकांचा धुव्वा उडवला त्याच निवडणुकीत वायव्य मुंबईच्या सहा जागा तीन-तीन अशा वाटल्या गेल्या.

प्रदत्त मतांची ती पाकिटे मात्र उघडण्याची वेळ आली नाही.